दुधीचं बी

आमच्या पेठेतल्या बियाण्याच्या दुकानदाराला गिऱ्हाइकापेक्षा त्याच्या घरच्यांची काळजी जास्त. वांग्याचं बी मागितलं की पाकीट काढायच्या आधी ओरडून विचारणार, "घरात भरीत खात्यात का मसाल्याचं?" उत्तर पटल्याशिवाय बी मिळत नाही.

गेल्या वर्षी मी गच्चीवर दुधी लावला. वेल असा माजला, की बायको दुधीचं नाव काढलं तरी उठून जायची. मग मी गल्लीभर दुधी वाटले. त्या दुकानदारालाही पिशवी भरून दिले.

यंदा पुन्हा दुधीचं बी मागितलं, तर त्यानं पाकिटांवर हातच ठेवला.

"न्हाय मिळायचं, दादा."

"संपलं?"

"हाय की ढीगभर! पण काल वैनी दम देऊन गेल्यात." भेंडीचं पाकीट माझ्यापुढं सरकवत तो हळूच म्हणाला, "आमच्या मंडळीबी हुत्या संगं."