चौथी वाटी

आत्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कॉलेजात होते. तास चालू होता. शेजारच्या यल्लम्माकाकूंचा थोरला मुलगा सायकल फाटकाला टेकवून थेट वर्गाच्या दारात आला आणि सरांकडे न बघताच म्हणाला, "सुमन, चल. आत्या..." मी वह्या तशाच बाकावर टाकल्या आणि त्याच्या सायकलवर मागे बसून घरी आले. सकाळी मी निघाले तेव्हा आत्या उंबऱ्यात बसून शेंगा फोडत होती. परत आले तेव्हा फोलपटं तिथंच पडलेली होती, दाणे सुपात होते, आणि ती आत चटईवर होती. छातीत कळ आली आणि संपलं, असं काकू म्हणाल्या. दादा, म्हणजे माझे वडील, रेल्वेतून ड्यूटी टाकून आले ते दारातच उभे राहिले. सुपाला कुणाचा पाय लागू नये म्हणून त्यांनी ते उचललं आणि कितीतरी वेळ हातातच धरून ठेवलं...

मला लिहिण्याची सवय नाही. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच. वर्तमानपत्राच्या पुरवणीत मोठ्या माणसांवर लेख येतात, ते मी वाचते. आत्या मोठी नव्हती. मुलींच्या शाळेत ती शिपाई होती. घंटा द्यायची, वर्ग झाडायचे, नोटीस फिरवायची. पाण्याचा माठ मात्र तिच्याकडे कधी दिला नाही, तो दुसऱ्या बाईकडे असे. हे कुणी तिला सांगितलं नव्हतं, तिनं कुणाला विचारलंही नव्हतं. तिच्यावर लेख लिहावा असं मला एरवी सुचलंच नसतं. शाळेच्या शोकसभेत एक वाक्य बोललं गेलं, ते माझ्या कानातून जात नाही, म्हणून लिहिते आहे.

आत्याचं नाव चंद्रभागा. दादांची ती थोरली बहीण. तिचं लग्न झालं होतं, पण नवरा लवकर वारला आणि ती आमच्याकडे आली. पुढे माझी आईही गेली, तेव्हा मला आत्यानंच वाढवलं. घर दोन खोल्यांचं, पण तिला माणसं लागायची. कुणी आलं की तिच्या अंगात वारं संचारल्यासारखं व्हायचं. "बसा की. उभ्या उभ्या कुटं चाललाय?" म्हणत ती फडताळातून चौफुला काढायची. एका दांडीला जोडलेल्या चार स्टीलच्या वाट्या, वर धरायला कडी. गड्ड्याच्या जत्रेतून तिनं तो हौसेनं आणला होता. तोवर आमच्याकडे सगळी भांडी जर्मनची, म्हणजे ॲल्युमिनियमची, स्टीलचा तेवढा हा एकच चौफुला. एका वाटीत शेंगाची चटणी, एकीत कारळाची, एकीत जवसाची. बाजूला दही आणि कडक भाकरीचे तुकडे. आधी दह्यात चटणी कालवायची, मग तुकडा बुडवायचा. पाहुणा बोटं चाटायला लागला की आत्या समोर बसून त्याच्या तोंडाकडे बघत राहायची. ती स्वतः तेव्हा कधी खायची नाही.

तिची शेंगाची चटणी गल्लीत नावाजलेली होती. शेंगा वळसंगच्या नात्यातल्या माणसांकडून यायच्या. दाणे मंद आचेवर भाजायचे, लसूण भरपूर, तिखट, जिरं, मीठ, आणि मग उखळात कांडत राहायचं. दाण्याला तेल सुटलं पाहिजे, मुठीत दाबली की मुटका झाला पाहिजे. यल्लम्माकाकूंच्या घरी माग होते, घरात तेलुगू बोलत. त्या अंबाडीची आंबट चटणी वाटीभर घेऊन यायच्या आणि इथली वाटी रिकामी करून जायच्या. "चंद्रक्का, कारम कमी," त्या म्हणायच्या. म्हणजे तिखट कमी. "कमी म्हणून तर तिसऱ्यांदा घेतलीस," आत्या म्हणायची. दोघी हसायच्या. एवढंच होतं खरं तर आतिथ्य म्हणजे. यात अवघड काय आहे?

चौथी वाटी सुरुवातीला रिकामीच असायची. नाही तर तिच्यात लोणचं. ती कशी भरली ते सांगते.

मी मॅट्रिक झाले तेव्हा शाळेच्या मुख्याध्यापिका घरी आल्या. त्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, मीही तेच म्हणते. मी त्यांच्याच शाळेतली विद्यार्थिनी, आत्या त्यांचीच शिपाई. त्या पेढ्यांचा पुडा घेऊन आल्या, माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला खरोखर आनंद झाला होता, तो मी आता नाकारत नाही. आत्यानं पोत्यावर धुतलेली चादर अंथरली, चौफुला मांडला. मोठ्या बाईंनी तिकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अगं चंद्रा, कशाला त्रास घेतलास? आज माझा उपास आहे."

"उपास व्हय? मग पाणी तरी..."

"आत्ताच घेऊन निघाले."

त्यांनी आणलेले पेढे आम्ही खाल्ले. आमचा चौफुला जसा आला तसा फडताळात गेला.

तो बुधवार होता. आत्या त्यांच्या शाळेत इतकी वर्षं होती. मोठ्या बाई सोमवारी उपास करतात हे तिला ठाऊक होतं, कारण सोमवारी त्यांच्या टेबलावरचा साबुदाणा सांडला तर तो झाडून तीच काढायची. मी म्हटलं, "आत्या, त्या खोटं बोलल्या." ती म्हणाली, "उपास म्हणाल्या. मी बरं म्हणलं. आता पुढच्या टायमाला काय म्हणायचं ते त्यांनी बघावं की."

आणि ती कामाला लागली. बाजारातून सैंधव आणलं. दाणे वेगळे भाजले, लसूण नाही, साधं मीठ नाही, तिखटही वेगळं. उखळ आधी तीनदा धुतलं. दादा बघत होते. आमच्या घरानं धर्म बदलला तेव्हा दादांनी देव्हारा स्वतःच्या हातानं काढला होता. त्यांना हे सहन होईना.

"आक्का, आपून सगळं सोडलं की. उपासतापास बी सोडलं. मग हे काय?"

"माझा न्हाय उपास."

"मग कुणाचा?"

"पाव्हण्यांचा."

दादा चिडून बाहेर गेले. तेव्हापासून चौथी वाटी उपासाच्या चटणीची झाली. एक वेगळी बरणीही आली. घरात त्या बरणीला कुणी हात लावायचा नाही असा नियम नव्हता, पण लावत नव्हतं. ती आमची नव्हतीच. मग उपास सांगणारे बरेच आले. दादांचे साहेब आले, माझ्या एका मैत्रिणीची आई आली. आम्हा लोकांच्या घरी आलं की माणसांना उपास आठवतो हे मला हळूहळू कळत गेलं. आत्या प्रत्येकाला म्हणायची, "मग हे घ्या की, उपासाचंच हाय." कुणी चिमूटभर घेऊन जिभेला लावल्यासारखं करी. कुणी कागदात बांधून मागे, आणि ती पुडी घरी पोचायची की नाही देव जाणे. देव म्हणायची सवय अजून जात नाही.

तिला एका माणसानं मात्र खायला हवं होतं. हे ती बोलली नाही, पण मला कळत होतं. आयुष्यभर जिच्या टेबलावरचं सांडलेलं उचललं, तिनं एकदा आपल्या घरात बसून आपल्या वाटीतलं खावं. बस. एवढीच तिची मागणी होती, आणि ती इतकी लहान आहे याचाच मला संताप येतो.

मोठ्या बाई दुसऱ्यांदा आल्या त्या मुलीच्या लग्नाची पत्रिका द्यायला. उन्हाळा होता, दुपार टळत होती, बरोबर त्यांचे यजमान होते. त्या येणार हे आत्यानं आधीच ओळखलं असावं. रताळ्याचे काप साजूक तुपात परतलेले होते. चौफुला आला. तिनं चौथी वाटी मुद्दाम त्यांच्या बाजूला फिरवली.

"आज माझा..." मोठ्या बाईंनी सुरुवात केली.

"उपास. ठावं हाय की. ही उपासाचीच हाय बाई. लसूण न्हाय, सैंधव हाय. उखळ बी धुवून घेतलंय."

मोठ्या बाईंनी यजमानांकडे पाहिलं. यजमान छताकडे बघत होते. मग त्या म्हणाल्या, "अगं, आज निर्जळी आहे माझी. थेंबही चालत नाही."

आत्यानं चौथी वाटी परत आपल्याकडे फिरवली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मग लई बोलू बी नका बाई. घसा सुकंल."

मला हसू आलं, ते मी पदरात दाबलं. त्या गेल्यावर आत्याच्या लक्षात आलं की पत्रिकांची पिशवी कोपऱ्यात राहिली आहे. "जा, देऊन ये. पुढच्या घरी काय देतील त्या?" मी पळत निघाले. गल्लीच्या तोंडाशी रसवंती आहे, चरकाच्या घुंगरांचा आवाज आमच्या घरापर्यंत येतो. तिथं बाकावर दोघं बसले होते. मोठ्या बाईंच्या हातात उसाच्या रसाचा पेला होता, बर्फ घातलेला. मी पिशवी पुढे केली. त्यांनी ती डाव्या हातानं घेतली. उजव्या हातातला पेला त्यांनी लपवला नाही की खालीही ठेवला नाही. "अभ्यास नीट कर हो," त्या म्हणाल्या.

मी घरी येऊन आत्याला सांगितलं. ती रताळ्याचे काप परत कढईत ओतत होती. म्हणाली, "बरं झालं. ह्या उन्हात निर्जळी सोसत न्हाय." एवढंच. पण संध्याकाळी तिनं आमच्या भाकरीबरोबर जी चटणी कांडली ती आमच्यापैकी कुणालाच खाववली नाही. तिच्यात नुसतं तिखट होतं. दादांच्या डोळ्यांतून पाणी आलं, यल्लम्माकाकूंनी घास घेतला आणि पाण्याचा तांब्या तोंडाला लावला. कारम कमी आहे असं त्या दिवशी कुणी म्हणालं नाही.

मला वाटलं, आता चौथी वाटी बंद होईल. झाली नाही. बरणी संपेना, तरी जुनी झाली म्हणून ती दर महिन्याला टाकून नवी करायची. मी भांडले तिच्याशी. म्हटलं, तुला लाज वाटत नाही का त्यांच्या खोट्याची सोय करायला? ती म्हणाली, "सोय कुटं? अडचण करते मी त्यांची. तुला कॉलेजात एवढं बी शिकवलं न्हाय व्हय?" मला तेव्हा ते पटलं नाही. आजही अर्धंच पटतं. अडचण त्यांची झाली असेल, पण हात तिचे दुखले.

आता शोकसभेचं. शाळेनं सभा घेतली, तिचा फोटो लावला, हार घातला. आम्हाला पुढच्या खुर्च्या दिल्या. मोठ्या बाई बोलायला उभ्या राहिल्या. जी उभी हयात "चंद्रा, तू" होती, ती त्या सभेत "चंद्राबाई" आणि "त्या" झाली. इथवर मी समजून घेतलं. मेल्यावर मान देतात, द्यावा. पण मग त्या म्हणाल्या, "चंद्राबाई आमच्या घरच्याच होत्या. त्यांच्या हातच्या शेंगाच्या चटणीची चव अजून आमच्या जिभेवर रेंगाळते आहे."

सगळ्या शिक्षिकांनी माना हलवल्या. एकीनं डोळे पुसले.

ज्या वस्तूला त्यांनी बोट लावलं नाही, तिची चवसुद्धा त्या घेऊन गेल्या! जिवंतपणी नाकारली आणि मेल्यावर फुकट उचलली. मला दोन शब्द बोलायला सांगितलं. दादांनी माझं मनगट धरलं होतं, घट्ट, आणि ते जमिनीकडे बघत होते. त्यांना रेल्वेत अजून नोकरी करायची आहे, मला अजून शिकायचं आहे. मी आभार मानले आणि बसले. ते दोन शब्द मी इथं लिहिते आहे. मोठ्या बाई, तुम्ही चटणी खाल्ली नाहीत. एकदाही नाही. तुमच्या जिभेवर जे रेंगाळतं आहे ते दुसरं काहीतरी असेल.

परवा फडताळ आवरताना उपासाची बरणी हाताला लागली. जवळजवळ भरलेली. आत्यानं जाण्याच्या आठवड्यातच ती नवी केली असणार. मी ती फेकून द्यायला उठले. दादा म्हणाले, "आण हिकडं."

त्यांनी चौफुला काढला, आणि चौथी वाटी भरून आमच्या दोघांच्या मध्ये ठेवली. दही नव्हतं, तेल घेतलं. आम्ही कोरड्या भाकरीबरोबर खायला लागलो. दादा रागानं खात होते, भाकरीचा तुकडा असा मोडत होते की जणू तिनंच काही केलं आहे. बऱ्याच वेळानं ते थांबले आणि म्हणाले, "लसूण न्हाय गं हिच्यात."

"नाही."

"तरी बी..." ते म्हणाले, आणि त्यांनी वाटी पुन्हा पुढे ओढली.

तरीही ती उत्कृष्ट होती. तेल सुटलेली, दाणा एकसारखा, मुठीत दाबली तर मुटका होणारी. जे कधी खाणार नव्हते त्यांच्यासाठी तिनं महिन्यामागून महिने तितकंच मन लावून कांडलं. इतकी चांगली करायची काही गरज नव्हती आत्या... जरा कच्ची ठेवली असतीस, खारट केली असतीस, तर मला तुझा एवढा राग आला नसता.

बरणी आम्ही दोघांनी संपवली. चौथी वाटी मी राखेनं घासून ठेवली आहे. तिच्यात आता लसणाची चटणी असते.