साडीच्या काठाची गाठ

मी मुळातच तोंडाची फटकळ. निरवांगीकडच्या एका वस्तीशाळेत शिकवता शिकवता केस पिकले, पण जीभ काही ताळ्यावर आली नाही.

त्या हंगामात बीडकडून आलेल्या ऊसतोड टोळीच्या कोप्या, म्हणजे पाचटाच्या झोपड्या, कालव्याच्या कडेला पडल्या होत्या. तिथली नऊ-दहा वर्षांची एक पोरगी शाळेत यायला लागली. इतकी चलाख की पाढे म्हणताना माझीच चूक काढायची. एकदा मधल्या सुट्टीत सहज कोप्यांकडे गेले, तर तिचा वर्षाचा भाऊ एकटाच मातीत बसलेला. पायाला साडीचा काठ, त्याचं दुसरं टोक कोपीच्या बांबूला. तेवढ्यात आई त्याला पाजायला फडातून आली. माझं डोकंच फिरलं.

"अगं, लेकरू आहे का वासरू? लाज नाही वाटत? पुन्हा बांधलेलं दिसलं तर वर कळवीन!"

"न्हाई बांधत, बाई. कळवू नका," ती हात जोडून म्हणाली. मी तरातरा परत आले, मोठा पराक्रम केल्यासारखी.

दुसऱ्या दिवसापासून पोरगी शाळेत येईना. चौथ्या दिवशी माझ्या डोक्यात उजेड पडला. बांधायचं नाही, तर त्याला राखणार कोण? तीच की! भावाला सोडवून मी तिला कोपीत अडकवून आले होते. स्वतःचीच इतकी चीड आली! तशीच गेले आणि तिला म्हटलं, "त्याला घेऊन ये शाळेत."

आली बिचारी. पण चार इयत्ता, एक खोली आणि मी एकटी. दाराची खालची फळी कधीचीच निखळलेली, समोर कालवा. मांडीवर घेतला की तो तिला लिहू देईना, खाली सोडला की रांगत त्या फटीतून बाहेर. दोनदा मी धावत जाऊन अगदी काठावरून उचलला. पोरीच्या हातात पेन्सिल, डोळे दाराकडे.

तिसऱ्या दिवशी तिनं दप्तरातून तोच साडीचा काठ काढला आणि माझ्या टेबलावर ठेवला.

"बाई, तुमीच बांधा. तुमी बांधल्यावर आई भ्यायची न्हाई."

मी खाली बसले. एक टोक टेबलाच्या पायाला बांधलं, दुसरं त्याच्या इवल्याशा पायाला. गाठ ओढून बघितली. पुन्हा एकदा ओढून बघितली.

पोरगी मान खाली घालून लिहायला लागली.