केसभर बाजूला पडलेलं भोक

माझ्या आत्याने एका गायकाचा गळा कानाने कापला. आमच्या घरात ही गोष्ट चाळीस वर्षं मोठ्या चवीने सांगितली जायची, आणि सगळ्यात जास्त चवीने मीच सांगायचे. ज्याचा गळा गेला त्याची मला कधी कणभरही कीव आली नाही.

बाबांचा तरुणपणी चौघांचा रॉक बँड होता. गॅरेजच्या माडीवर त्यांचा सराव चालायचा. वाजवायचे ती सगळी कव्हर, म्हणजे दुसऱ्यांच्या रेकॉर्डवरची गाणी, पुन्हा पुन्हा सुई ठेवून पाठ केलेली. स्वतःचं असं गाणं एकच, बाबांनी रचलेलं. त्याची टेप बाबांनी रेकॉर्ड कंपनीच्या मालकाला नेऊन दिली. बँड काही मालकाला पसंत पडला नाही. सहा महिन्यांनी तेच गाणं बाजारात आलं. गाणारा डोक्यावर केसांचा तुरा काढलेला एक पोरगा. आत्याने त्याचं नाव कोंबडा ठेवलं. लाल लेबलवर गीत, संगीत, गायक, तिन्हीकडे कोंबडाच. पुढे एका हॉलमध्ये बाबांनी ते गाणं सुरू केलं, तर मागून कुणीतरी ओरडलं, "कव्हर पुरे, स्वतःचं काहीतरी वाजवा." त्या दिवशी बाबांनी गिटार कपाटावर टाकली आणि जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या.

आत्या तेव्हा त्याच कंपनीच्या कारखान्यात नुकतीच लागली होती. तिचं काम ऐकण्याचं. जाड पडदे लावलेल्या खोलीत हेडफोन घालून बसायचं, गरम यंत्रातून निघालेल्या दर शंभरातली एक रेकॉर्ड पूर्ण ऐकायची आणि चिठ्ठीवर 'पास' किंवा 'नापास' लिहायचं; 'नापास' आलं की यंत्र थांबवून साचा दुरुस्त व्हायचा. कान असा तिखट, की रेकॉर्डवर केस पडला तर तो काळा की पांढरा हेसुद्धा तिला ऐकून कळतं, असं यंत्रावरचे लोक म्हणायचे.

कोंबड्याची पहिली रेकॉर्ड तिच्यापुढे आली तेव्हा पहिल्या ओळीलाच तिने भावाचं गाणं ओळखलं. दुसऱ्या ओळीला आणखी एक गोष्ट ओळखली. साच्याचं मधलं भोक केसभर बाजूला पडलं होतं. असं झालं की रेकॉर्ड फिरताना झुलते आणि आवाज वरखाली होतो. ड्रमच्या दणदणाटात ते लपून जातं, पण गाणाऱ्याने सूर लांबवला की तो प्यायलेला वाटतो. आत्याने गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि 'पास' लिहिलं.

आठ हजार रेकॉर्ड बाजारात गेल्या. तक्रारी यायला लागल्या तसं मालकाने आत्याला बोलावून विचारलं, "आपल्या मालात काही खोट आहे का?"

"माल चोख आहे," आत्या म्हणाली. "गळा हलतोय."

तिच्या कानावर मालकाचा डोळे मिटून विश्वास. कोंबड्याला पुन्हा कुणी माइकजवळ उभं केलं नाही. तो कुठल्याशा शाळेत भूगोल शिकवतो असं कळलं, त्या दिवशी आत्याने आम्हा पोरांना आइस्क्रीम खाऊ घातलं.

गेल्या वर्षी मात्र भलतंच झालं. जुन्या रेकॉर्ड गोळा करणाऱ्या मंडळींना ती झुलती रेकॉर्ड सापडली. काय ती थरथर, काय तो दर्द, असं लिहून यायला लागलं. एका नव्या कंपनीने मूळ टेपवरून रेकॉर्ड पुन्हा काढली, तर त्यातला सरळ आवाज ऐकून गिऱ्हाइकं चिडली. मग साठी ओलांडलेला कोंबडा स्टेजवर मुद्दाम गळा हलवून गायला लागला आणि त्याची तिकिटं संपायला लागली. आपल्या सुडाचं त्याने असं सोनं केलेलं पाहून आत्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"चल," ती मला म्हणाली. "आज तो स्टेजवर दादाचं नाव घेईल, नाहीतर ती थरथर कुठून आली ते मी माइकवरून सांगेन."

मी लगेच चपला घातल्या.

कार्यक्रमाआधी तो स्टेजमागच्या खोलीत विरळ केस विंचरत बसला होता. आत्याने उभ्याउभ्याच सगळं सांगून टाकलं. कंगवा त्याच्या हातात तसाच राहिला.

"म्हणजे माझा आवाज चांगला होता?"

"होता," आत्या म्हणाली.

"मी चाळीस वर्षं आंघोळ करतानासुद्धा गायलो नाही हो. बायकोला वाटायचं, मला गाणं आवडतच नाही."

"आणि माझ्या भावाचं गाणं ढापलंत, त्याचं काय?"

"ढापलं नाही, बाई. त्यांनी स्वतः दिलं. मी तिथेच बसलो होतो. मालकांना म्हणाले, गाणं ठेवा, नाव कुणाचंही लावा, पण माझ्या बहिणीला कारखान्यात घ्या. तिचा कान एकदा बघाच, म्हणाले."

खोटारडा, असं म्हणायला मी तोंड उघडलं, पण आत्याने माझा दंड घट्ट धरला. ओळख नाही, मुलाखत नाही, तरी आपल्याला त्या नोकरीचं पत्र कसं आलं, हे कोडं तिला तेव्हाही पडलंच असणार.

"दिलं असलं तरी गाणं त्याचंच," ती शेवटी म्हणाली. "नाव घ्यायचं."

त्याने स्टेजवर ते घेतलं. मग आज सरळ गाणार म्हणाला आणि गळा न हलवता सूर लांबवला. पण त्याचा आवाज आता खरोखरच हलत होता. लोकांनी टाळ्यांनी हॉल डोक्यावर घेतला, आणि तो मान खाली घालून उभा राहिला.

घरी बाबा पाय वर घेऊन पेपर वाचत होते. आयुष्यभर कोंबड्यावर धरलेला माझा राग त्या क्षणी त्यांच्यावरच वळला. आत्या बसली नाही.

"मला विचारायचं होतंस, दादा."

बाबांना कशाबद्दल ते सांगावं लागलं नाही. "तू नको म्हणाली असतीस," ते म्हणाले.

"मी हो म्हटलं असतं. आणि ती रेकॉर्ड समोर आली तेव्हा 'नापास' लिहिलं असतं."