पुलापलीकडचा उमेदवार

मी आयुष्यात एकाच माणसाचा मनापासून मत्सर केला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. पोट सुटलेला, डाव्या कानाने कमी ऐकणारा, भाषणाला उभा राहिला की 'बंधू आणि भगिनींनो' म्हणून पुढचं विसरणारा हा माणूस; पण शहापुरात त्याच्या नमस्काराला चहावाला उठून उभा राही. माझ्या नमस्काराला तो विचारी, "किती कप?"

शहापूरहून मुरबाडच्या रस्त्याला लागलं की सापगावचा पूल लागतो. साडू पुलाच्या अलीकडचे, मी पलीकडचा. आमचा पक्ष एक, झेंडा एक, सासराही एक. पण नव्वदच्या दशकात आमच्या पक्षात एक शास्त्र पक्कं होतं, आणि साडू त्याचे आद्य आचार्य: पुलापलीकडचा उमेदवार निवडून येत नाही. का येत नाही, असं विचारलं की ते तंबाखू मळत म्हणत, "आजवर कदी आलाय का?" आजवर कधी तिकीटच दिलं नाही, असं मी म्हणालो की आणखी शांतपणे म्हणत, "निवडून येत नाय, म्हनून देत नाय." या गोलात शिरायला मला कधी दार सापडलं नाही.

बरं, त्यांच्याकडे पुरावा असे. साडू लग्नपत्रिका जमवत. आमच्याकडे पत्रिकेत नवरानवरी कडेला असतात; मधलं सगळं मैदान 'प्रमुख उपस्थिती'खाली पुढाऱ्यांचं. साडू ती रांग वाचत, कोण वर, कोण खाली, याची पेन्सिलीने खूण करत आणि पत्रिका नायलॉनच्या पिशवीत टाकत. निवडणूक आली की पिशवी पक्षाच्या बैठकीत ओतत आणि कोण येणार ते सांगत. ते खरंही ठरे. नवरीचं नाव मात्र त्यांनी कधी वाचलं नसावं. एकदा पंगतीतून उठून हात धुताना त्यांनी मला विचारलं, "साडूभाऊ, लगीन कोनाचं होतं?"

जिल्हा परिषदेच्या तिकिटासाठी मी कंबर कसली ती या पिशवीकडे बघूनच. आमचा मतदारसंघ पुलाच्या दोन्ही अंगांना पसरलेला. पलीकडे ज्या घरी लग्न ठरेल तिथे मी साखरपुड्यालाच हजर, आणि एकच विनंती: माझं नाव सगळ्यांत वर. लोक भले, कुणी नाही म्हटलं नाही. त्या उन्हाळ्यात अकरा पत्रिकांवर माझं नाव पहिलं छापलं गेलं. अकरावी माझ्याच धाकट्या भावाची. तीत मीच मजकूर लिहिला आणि साडूंचं नाव मुद्दाम गाळलं. बायको म्हणाली, "भावोजींचं राहिलं हो." मी म्हणालो, "जागा नव्हती." तेच तिने बहिणीला कळवलं.

इच्छुकांच्या मुलाखती शहापूरच्या विश्रामगृहावर होत्या. ठाण्याहून आलेल्या निरीक्षकांपुढे मी माझ्या अकरा पत्रिका पंख्यासारख्या मांडल्या. पक्षातले जुनेजाणते म्हणून साडू त्यांच्या शेजारीच बसले होते. साहेबांनी एक वाचली, दुसरी वाचली, मग चष्मा काढला. "सगळी लग्नं अक्षय्य तृतीयेला?"

"हो साहेब."

"मुहूर्तही तोच?"

तोच होता. भटजी एक, पंचांग एक.

"मग तुम्ही होतात कुठे?"

मी भावाच्या मांडवात होतो. उरलेल्या दहा मांडवांत माइकवाला माझं नाव पुकारत होता आणि नवरीचे बाप रस्त्याकडे बघत होते. साडू हळूच म्हणाले, "लग्नाला येत नाय, तो निवडून काय येनार?" विश्रामगृहाचा खानसामासुद्धा हसला.

तिकीट साडूंना मिळालं. त्यांनी मागितलंही नव्हतं, हे मला आजही झोंबतं. प्रचाराच्या जीपमध्ये मी पुढे बसलो, पलीकडच्या गावागावांत गेलो आणि म्हणालो, "आमचे साडू उभे आहेत. बघा, काय ते." एका म्हाताऱ्याने विचारलं, "तुजा साडू आमच्या कोनाच्या लग्नाला आला व्हता का रे?" यावर एखादी बरी थाप मला सहज मारता आली असती. इतर वेळी मी मारतोच. पण त्या दिवशी मी खरं बोललो: "नाय बुवा."

साडू पडले. अलीकडे ढीगभर मतं, पलीकडे झाडून घेतलेलं अंगण. पुढच्या बैठकीत पक्षाने नवं शास्त्र काढलं: अलीकडचा उमेदवार पलीकडे चालत नाही. साडूंनी पिशवी उचलली आणि बैठकीला येणंच सोडलं.

सात-आठ वर्षांनी माझ्या मुलीचं लग्न ठरलं. या वेळी 'प्रमुख उपस्थिती'खाली एकच नाव छापलं, आणि पत्रिका घेऊन स्वतः पूल ओलांडून गेलो. ओटीवर बसून साडूंनी ती वाचली. खिशातून पेन्सिल काढली, पण खूण केली नाही. पहिल्यांदाच नवरीचं नावही वाचलं, सावकाश, बोट ठेवून.

"पुलापलीकडची ही पयलीच," ते म्हणाले. "तुमच्या अकरा निघाल्या तवा लय जळलो व्हतो मी. मला तिकडं कोनी कदी नाव छापून बोलावलंच नाय." मग तंबाखूची डबी माझ्यापुढे सरकवून म्हणाले, "भावाच्या पत्रिकेत खरंच जागा नव्हती, साडूभाऊ?"

मी तंबाखू खात नाही. तरी चिमूट घेतली आणि बराच वेळ मळत बसलो.