नळीतली अकरावी गोळी

आमच्या मॅनिओटोटोच्या पठारावर कुणाच्या कुरणावर सशांनी धाड घातली, की नेस्टा डॅलझीलला फोन जायचा. पन्नाशीची बाई, अंगानं आडवी, बोलायला कमी. कंत्राटावर ससे मारायची, तेवढ्यावर घर चाले. घरात दोघंच, ती आणि तिचा म्हातारा बाप आर्ची. त्यांच्या कुंपणापलीकडे माझी द्राक्षं.

ज्या वर्षी सरकारनं बंदुकांचे कायदे आवळले, त्या वर्षी सशांवरच्या साध्या पॉइंट टू-टू रायफलींवरही टाच आली. चाप ओढला की पुढची गोळी आपोआप चढते, अशा रायफलीत एका वेळी दहाच गोळ्या मावल्या पाहिजेत. जास्त मावत असतील तर ती जमा करायची, नाहीतर कारागिराकडून कायमची दुरुस्त करून घ्यायची. नेस्टानं आपली जास्त गोळ्यांची मोठी मॅगझिनं पहिल्याच आठवड्यात पोलिसांकडे नेऊन टाकली. आर्चीची रायफल मात्र जुन्या घडणीची होती. बॅरलखालच्या लांब नळीत एकामागोमाग एक पंधरा गोळ्या मावायच्या.

“सशाला काय कळतं, दहावी कुठली नि अकरावी कुठली?” आर्ची म्हणाला. मी तेव्हा त्यांच्या स्वयंपाकघरात चहा पीत बसलो होतो.

“सशाला नाही कळत, पोलिसांना कळतं. देऊन टाक, डॅड.”

“लग्नाच्या आधीपासून आहे ती माझ्याकडे. तुझ्या आईपेक्षा हिनं मला कमी छळलंय.”

शेवटी एक दिवस तो एकटाच गाडी घेऊन गावात गेला आणि आल्यावर म्हणाला, “घे, नळी आत बुजवून आणली. आता दहाच मावतात. झालं समाधान?” नेस्टानं रायफल हातात घेऊन पाहिलीसुद्धा नाही. बापाच्या शब्दावर विश्वास ठेवला.

पुढच्या दोन वर्षांत आर्ची विसरायला लागला. कुत्र्याला जुन्या, मेलेल्या कुत्र्याच्या नावानं हाक मारायचा. किटलीत पाणी न घालताच शेगडी पेटवायचा. त्याच्या खोलीतल्या बंदुकीच्या कपाटाची किल्ली काढून घ्यायला हवी, हे नेस्टाला कळत होतं. पण किल्ली मागणं म्हणजे त्याला तोंडावर सांगणं, की तू आता संपलास. ती आज-उद्या करत राहिली.

मार्चमधली, आमच्याकडच्या शरदातली दुपार होती, वारा सुटलेला. कुंपणाच्या खांबांचं बोलायला मी नेस्टाच्या अंगणात उभा होतो. टेकडीवरून बार ऐकू आला. मग दुसरा. नेस्टा घरात धावली आणि तशीच बाहेर आली. कपाट उघडं होतं.

आम्ही टेकडी चढलो. खडकाआडून मी खाली पाहिलं. रूळ काढून सायकलींसाठी केलेल्या जुन्या रेल्वेच्या वाटेवर दोन सायकली आडव्या पडल्या होत्या. त्यांचे स्वार, एक बाई आणि एक माणूस, भरावाच्या पलीकडे आडोशाला पालथे पडले होते. आर्ची आमच्या खाली उतारावर, काटेरी झुडपापाशी उभा राहून त्यांच्या रोखानं ओरडत होता, “माझ्या मेंढ्या हाकलून नेताय? चोरांनो.” आणि चाप ओढत होता.

नेस्टा माझ्या शेजारी दबून बसली होती, ओठ हलत होते. ती बार मोजत होती. अंगणात ऐकलेल्या पहिल्या बारापासून मोजत आली होती.

“दहा,” ती म्हणाली. “रिकामी झाली. बोटं थरथरतात त्याची, भरायला वेळ लागेल. मी जाते.”

“थांब जरा.”

“भरून झाल्यावर जाऊ का मग?”

ती उठली आणि सरळ उतरू लागली. दगड घरंगळला. आर्ची वळला, रायफल वळली आणि बार झाला. तिच्या बाजूच्या खडकाची कपची उडाली. नेस्टाच्या गालावरून रक्त ओघळलं. हा अकरावा बार. नळी कधीच बुजवली नव्हती. आत अजून किती होत्या, कुणाला ठाऊक.

तिलाही ते त्याच क्षणी कळलं. ती आडोशाला गेली नाही. हात मोकळे ठेवून उभी राहिली.

“डॅड, चहा झालाय.”

“कोण तू?”

“नेस्टा.”

“नेस्टा शाळेत गेलीय.”

“शाळा सुटली, डॅड.”

तो तिच्याकडे बघत राहिला. रायफल तिच्या छातीवर रोखलेली. वाऱ्यानं त्याचे पांढरे केस उडत होते.

“मेंढ्या मोजल्यास का?”

“मोजल्या. सगळ्या आहेत. एकही गेली नाही.” ती बोलत बोलत एकेक पाऊल उतरत होती. “दमला असशील. दे ती इकडे.”

त्यानं दिली. एखाद्या लहान मुलानं खेळणं द्यावं, तशी. नेस्टानं नळी उपडी केली आणि उरलेल्या गोळ्या गवतात पडल्या. मग ती बापाच्या पायाशी बसली.

खाली सायकलवाले धडधाकट होते. त्यांनीच पोलिसांना फोन केला होता. पोलिस पोचायच्या आत मी तिला म्हणालो, “नळीत एक लाकडी खुंटी ठोकून देतो. निदान रायफल तरी कायद्यात बसेल. नाहीतर तुझाही परवाना जाईल, तू खाणार काय?”

“नको,” ती म्हणाली. “खोटं खरं मानूनच मी आज गोळीसमोर चालत गेले.”

पोलिसांना तिनं स्वतः सगळं सांगितलं. रायफल बेकायदा आहे, बापाच्या बोलण्यावर मी विसंबले, किल्लीही काढून घेतली नाही. आर्चीची अवस्था पाहून त्याच्यावर खटला भरला नाही. त्याला रॅनफर्लीच्या वृद्धाश्रमात ठेवलं. चौकशी संपेपर्यंत नेस्टाचा परवाना अडकला. तो सबंध हिवाळा तिनं माझ्याकडे द्राक्षांची छाटणी केली, गारठलेल्या बोटांनी.

रविवारी ती बापासाठी चीज रोल घेऊन जायची. एकदा त्यानं तिच्या गालावरच्या वणावर बोट ठेवून विचारलं, “हे कुणी केलं, पोरी?”

“दगड उडाला,” ती म्हणाली.

“जपत जा,” म्हातारा म्हणाला, आणि रोल खाऊ लागला.

वसंतात परवाना परत मिळाला. तोवर तिची जुनी कंत्राटं दुसऱ्यांनी घेतली होती. पहिला फोन माझाच होता. माझ्या वेलींची साल सशांनी पार कुरतडली होती.