दाढीवाल्याची दृष्ट

आमचे हे बोटीवर असतात, मालाच्या मोठ्या बोटीवर. एकदा बोट निघाली की फोन लागत नाही, थेट बंदराला लागल्यावरच. पण त्यांच्या जेवणाच्या खोलीत एक कॉम्प्युटर आहे, त्यावर पाळीपाळीने अर्धा तास इंटरनेट मिळतं. आता त्या अर्ध्या तासात माणूस बायकोला चार ओळी लिहील की नाही? नाही. हे गेम खेळतात. जगभरची माणसं एकत्र खेळतात तो, राक्षस मारायचे, किल्ले घ्यायचे. त्यात ह्यांचा एक माणूस आहे, पोटापर्यंत दाढी, हातात कुऱ्हाड, आणि नाव ठेवलंय आमच्या मुलीचं! दीड वर्षाचं पोर माझं, आणि तिचं नाव त्या दाढीवाल्याला.

जाताना मी म्हटलं, "माका काय तरी लिवा हां."

"लिवचा काय? जेवलंय नि झोपलंय?" हे म्हणाले. "त्यापरास गेमची साईट उघड. थंय माझ्या माणसाचा पान आसा. शेवटचो कधी खेळलंय ता दिसता. खेळलंय म्हणजे जितो आसंय!"

झालं. तेव्हापासून रोज भात शिजत ठेवला की मी पोरीला कडेवर घेऊन मागच्या माडाखाली जायची, कारण रेंज तिथेच. एक डोळा फोनवर आणि एक वर, नारळ पडेल म्हणून. दाढीवाला दिसला, खाली आजची नाहीतर कालची तारीख दिसली, की मग माझ्या घशाखाली घास उतरायचा.

एक दिवस सासूबाईंनी फोनात डोकावून बघितलं. दाढीवाल्याने नवं सोन्याचं चिलखत घातलं होतं, नुसता झळकत होता.

"ह्या सगळ्यांका दिसता?"

"होय, आई. जगात कोणाकय."

"माझ्या नातीच्या नावान सोना घालून जगाफुडे हुबो केल्यान? अगो, दृष्ट लागात! बंद कर ता!"

खोटं कशाला सांगू, मलाही ते पटलं. साईटवर ह्यांनीच मला आपल्या नावाने आत घालून ठेवलं होतं, पासवर्ड बिसवर्ड काही लागत नव्हता. शोधत शोधत एक बटण सापडलं, बाहेरच्यांपासून पान लपवायचं. दाबलं. खाली इंग्रजीत बरंच काही आलं, ते कोण वाचणार, माझी शाळा नववीला सुटली. दुसऱ्या दिवशी बघते तर दाढीवाला आपला तिथेच. म्हटलं काही झालं नाही, आणि ते बटण डोक्यातून गेलंच.

मग टीव्हीवर वादळाचं सुरू झालं. मालवणातले ट्रॉलर आत यायला लागले, मासळी बाजारात शुकशुकाट. मी धावत माडाखाली गेले, पान उघडलं, आणि दाढीवाला नाही. नुसतं पांढरं पान आणि दोन शब्द, 'नॉट फाउंड'. नॉट म्हणजे नाही आणि फाउंड म्हणजे सापडला, एवढं मला येतं. बोटीवरच्या माणसाच्या बायकोने हे दोन शब्द वाचल्यावर तिचं काय होतं ते मी कसं सांगू! मी परत उघडलं, परत तेच, परत तेच.

सासूबाई धावत आल्या. "रडतंस कित्याक? आत जाऊन बघ मा!"

पण आत कसं जाणार, साईटने मला बाहेर काढलं होतं. पासवर्ड कॅलेंडरच्या मागे लिहिलेला होता, तो घातला. मग म्हणे तुम्ही यंत्र नाही हे दाखवा, सिग्नल असलेली चित्रं निवडा. आमच्या गावात सिग्नल कुठे आहे? तीनदा चुकले. मग म्हणे सहा आकडी कोड. तो गेमच्या दुसऱ्या अ‍ॅपमध्ये येतो, ते अ‍ॅप ह्यांच्या जुन्या फोनात, आणि जुन्या फोनाची बॅटरी मेलेली, वायर काढली की बंद. म्हणजे कोड ओटीवर, रेंज माडाखाली, आणि कोड अर्ध्या मिनिटात बदलतो! कोणी केलं असेल हे, त्याच्या बायकोला कधी असं धावावं लागलं नसेल.

सासूबाईंना ओटीवर बसवलं.

"वाचा, आई!"

"सात... चार... आणि ह्या काय, उलटो नऊ?"

"सहा, आई, सहा! फुडे?"

"थांब गो, चष्मो... अगो, बदाललो!"

परत. "दोन, शून्य, पाच..." तेवढ्यात पोरीने माझ्या हातातला फोन ओढला. परत. मी इकडून ओरडते, त्या तिकडून ओरडतात. "दम धर मा जरा! शाळेत इतक्या वाचला आसतंय तर कलेक्टर झालंय नसतंय?" सहाव्या खेपेला आत गेले.

दाढीवाला होता. चिलखतासकट होता. शेवटचा खेळ, आज सकाळी. आणि वर ते बटण, लपवलेलं, मीच दाबलेलं; साईटने बाहेर काढलं तशी मीही बाहेरचीच झाले होते. मला हसावं की थोबाडीत मारून घ्यावी कळेना. तिथेच मातीत बसले, नारळ पडला तर पडो.

मग कोपऱ्यात लाल टिंब दिसलं. गेमचं टपाल. ह्यांनी स्वतःच्याच दाढीवाल्याला, म्हणजे मला, इंग्रजी अक्षरांत आपलं मालवणी लिहिलं होतं:

"माझो माणूस खंय लपयलंस गो?
हयसर सगळे हसतत माका.
वादळ लांब आसा, भिया नको.
चेडवाक पापी."

चार ओळी, शेवटची पोरीच्या पापीची. मोजल्या मी. बायकोसाठी सुचल्या नाहीत, दाढीवाला हरवल्यावर बरोबर सुचल्या.

सासूबाई आतून मीठ-मिरच्या घेऊन आल्या आणि फोनावरून उतरवल्या, मग पोरीवरून. "बघलंस? लपयलंस म्हणान वाचलो," म्हणाल्या.

बटणावर बोट ठेवलं होतं, पान परत उघडं करायला. मग काढलं. हे जाताना सांगून गेले होते, बोटीवरच्या कॉम्प्युटरला गेम ओळखतो म्हणून खेळता येतं, पण साईटच्या आत जायचं, बटण दाबायचं, तर कोड लागतो, आणि कोड आमच्या ओटीवर आहे.

मी उत्तर लिहिलं, "दाढीवालो माझ्याकडे आसा. रोज चार ओळी लिवा, मगे बघतंय."