ह्यांचा उजवा हात

ह्यांच्या हातून पहिला कप पडला, तेव्हा मला वाटलं घाई असेल. पेणहून रोह्याला कंपनीत पहिल्या शिफ्टला जायचं असे. पण मग रोजच काही ना काही पडू लागलं. उजवा हात एकदम आखडायचा, त्या बाजूचा गाल ओढला जायचा, आणि क्षणात सगळं पूर्ववत. विचारलं तर म्हणायचे, "कुठं काय गो?"

पुढे झोप उडाली. मग विसरणं सुरू झालं. एकदा घरी परतताना मध्येच कासूला उतरले आणि स्टेशनवर बसून राहिले. ओळखीच्या एकाने मला फोन केला. मी पोचले तर हे म्हणाले, "पेण कुठल्या बाजूला हाय, तेच कळत नाय."

गावातल्या डॉक्टरांनी रक्त तपासलं, सोडियम कमी निघालं. सलाइन लावलं, घरी आणलं, पुन्हा तेच. दुसऱ्यांनी टेन्शन म्हणून झोपेच्या गोळ्या दिल्या. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचं काय तरी हाय. मला घरात बसवेना. मी मोबाइलवर ह्यांच्या हाताचा व्हिडिओ काढला आणि ह्यांना घेऊन पनवेलला मेंदूच्या डॉक्टरबाईंकडे गेले.

बाईंनी तो व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहिला.

"दिवसातून किती वेळा होतं?"

"मोजायचं सोडलंय मी."

"ही छोटी फिट आहे. शरीराची रोगाशी लढणारी ताकद चुकून मेंदूवरच उलटली असावी. मेंदूला सूज आहे असं मला वाटतं."

पाठीतलं पाणी तपासलं, त्यात जंतुसंसर्ग नव्हता. खास तपासणीचा रिपोर्ट यायला वेळ होता, पण बाई थांबल्या नाहीत. शिरेतून स्टेरॉइड सुरू केलं. झटके विरळ झाले. रिपोर्टनेही बाईंचंच म्हणणं खरं ठरवलं. औषधाने हे मात्र चिडचिडे झाले, वॉर्डात येरझाऱ्या घालायचे, सारखं खायला मागायचे. मीही त्यांच्यामागे फिरत राहायचे.

घरी आल्यावर स्टेरॉइडच्या गोळ्या हळूहळू कमी झाल्या. आता हे कंपनीत जातात, पण मशीनवर नाही, स्टोअरमध्ये. रात्रपाळी बंद.

त्या आजारपणातच आमच्या मुलीचा साखरपुडा झाला होता. परवा त्याचे फोटो बघताना म्हणाले, "मी तर मधोमध बसलोय. मला यातलं कायच आठवत नाय." मी त्यांच्याजवळ बसले आणि पाहुणे दारात आले तिथपासून सांगायला लागले. मध्ये जरा थांबले, तर म्हणाले, "मग?"